कपाटांना देणगीदार

मला निसर्ग-इतिहास संग्रहालयांचे वार्षिक अहवाल वाचायचा नाद आहे. हा नाद चारचौघांत सांगण्यासारखा नाही. ऐकणारा आधी हसतो आणि मग विषय बदलतो. पण जगातली मोठी संग्रहालयं वर्षभर आपण काय केलं ते छापून लोकांसमोर ठेवतात, आणि ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. बहुतेक अहवालांचा साचा एकच असतो. आधी अध्यक्षांचं पत्र, हे वर्ष फार धावपळीचं गेलं आणि तितकंच यशस्वीही ठरलं अशा अर्थाचं. मग प्रदर्शनं आणि भरपूर फोटो, ज्यात मुलं माना वर करून कुठल्या तरी सांगाड्याकडे बघत असतात. मग संशोधन. मग देणगीदारांची नावं, रकमेच्या उतरत्या क्रमानं. आणि अगदी शेवटी, जिथवर सहसा कुणी पोचत नाही तिथे, हिशेब.

मी हल्ली हिशेबापासून मागे मागे वाचत येते. तसं वाचलं की वर्षभराच्या त्या धावपळीचं वेगळंच चित्र दिसतं. प्रदर्शनाला पैसे मिळतात, नव्या इमारतीला मिळतात, नाव कोरता येईल अशा कशालाही मिळतात. ज्या कपाटांच्या जिवावर हे सगळं चाललेलं असतं, त्यांच्या देखभालीची ओळ मात्र शोधावी लागते. आणि संग्रहालय म्हणजे मुळात ती कपाटंच. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये सुमारे ८ कोटी नमुने आहेत. दालनांत मांडलेले त्यातले किती, तर हिशेबात धरू नयेत इतके थोडे.

तरी प्रदर्शनांना मी नावं ठेवत नाही. एखादं प्रदर्शन उभं राहतं तेव्हा काय काय होतं, ते लंडनच्याच निळ्या देवमाशावरून बघण्यासारखं आहे. मार्च १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड बंदराजवळ वाळूच्या पट्टीवर ही मादी अडकली आणि मेली. संग्रहालयानं तिचा सांगाडा २५० पौंडांना घेतला. घेतला खरा, पण पंचवीस मीटर लांबीचं जनावर टांगायचं कुठे? तो चाळीसेक वर्षं नुसता ठेवून दिला होता. १९३० च्या दशकात खास देवमाशांसाठी दालन बांधलं तेव्हा कुठे तो वर चढला. २०१७ च्या जुलैत तो तिथून उतरवून, साफ करून, मुख्य दालनाच्या छताला, सूर मारत असल्यासारखा टांगला आणि त्याचं 'होप' असं नाव ठेवलं. वजन साडेचार टन.

त्या जागी आधी डिप्पी होता. डिप्पी म्हणजे डिप्लोडोकस जातीचा डायनोसॉर, २९२ हाडांचा. मात्र हाडं प्लास्टरची. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये भेट दिलेली प्रतिकृती ती. त्याला हलवणार म्हटल्यावर लोकांनी केवढा आरडाओरडा केला! आपण लहानपणी बघितलेलं आपल्या मुलांनाही त्याच जागी दिसावं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात चूक काहीच नाही. पण मी देवमाशाच्या बाजूची. ज्या दारातून रोज हजारो माणसं आत येतात तिथे नकलेपेक्षा अस्सल असावं, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेल्यापेक्षा आज संपू घातलेलं असावं, हे मला पटतं. डिप्पीचंही काही वाईट झालं नाही. तो देशभर दौऱ्यावर गेला आणि २० लाखांहून जास्त लोकांनी त्याला पाहिलं. एवढी गर्दी खेचणारी प्लास्टरची हाडं दुसरी नसतील.

या देवमाशाची खरी गंमत पुढेच आहे. १८९१ मध्ये हाडांबरोबर तिच्या तोंडातलं बलीनही ठेवून दिलेलं होतं. बलीन म्हणजे वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या पट्ट्या, ज्यांतून देवमासा पाणी गाळून अन्न तोंडात ठेवतो. आपल्या नखांचं द्रव्य तेच हिचंही. पट्टी टोकाकडे झिजते आणि मुळाकडून वाढत राहते, त्यामुळे तिच्या लांबीत प्राण्याच्या शेवटच्या काही वर्षांचा माग शिल्लक राहतो. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या पट्टीचे थोड्या थोड्या अंतरावर कण काढून त्यांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण मोजलं. त्यावरून तिच्या शेवटच्या सातेक वर्षांचा प्रवास मांडता आला. उन्हाळे अटलांटिकच्या उत्तरेला, हिवाळे दक्षिणेच्या ऊबदार पाण्यात. एकदा मात्र ती नेहमीपेक्षा बराच जास्त काळ ऊबदार पाण्यातच राहिली. बहुधा तेव्हा तिला पिल्लू झालं असावं. बलीन ज्यानं फेकून दिलं नाही त्या माणसाला समस्थानिक हा शब्दही माहीत असणं शक्य नव्हतं. तो शब्द तेव्हा जन्मालाच यायचा होता.

अहवालात हे संशोधन संशोधनाच्या पानावर येतं आणि टांगलेला सांगाडा प्रदर्शनाच्या पानावर. सव्वाशे वर्षं ती पट्टी कोरडी, किडीपासून आणि उंदरांपासून लांब ठेवली गेली, ते कुठल्याच पानावर येत नाही.

किडीचं सांगते. संग्रहालयात सांगाडे साफ करायला डर्मेस्टिड जातीचे किडे पाळतात. मेलेल्या प्राण्याचं कातडं काढायचं, मांस बरंचसं खरवडून टाकायचं, उरलेलं सुकवायचं आणि किड्यांच्या पेटीत ठेवायचं. मुख्य काम अळ्या करतात. केसाळ, तपकिरी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. वटवाघळाच्या पंखातलं सुईसारखं हाडही त्या न मोडता कोरून स्वच्छ करतात; चाकूनं किंवा उकळून ते जमत नाही. लहान प्राणी काही दिवसांत होतो, मोठ्याला आठवडे लागतात. त्या खोलीला वास असतो, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. आता यातली मेख अशी की हेच किडे आणि त्यांचे भाऊबंद संग्रहालयाचे सगळ्यात मोठे शत्रू. पेटीतला किडा पक्ष्यांच्या कातड्यांपर्यंत पोचला तर तो ती तितक्याच निगुतीनं खाईल. एका जातीचं नावच मुळी 'अँथ्रेनस म्युझिओरम' आहे. संग्रहालयातला, असं ते नाव सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं अठराव्या शतकातच ठेवलं, म्हणजे ही डोकेदुखी तेव्हापासूनची. म्हणून पाळीव किड्यांची खोली संग्रहापासून तोडलेली असते. बाहेरून आलेली लोकरीची, पिसांची, कातड्याची वस्तू आत नेण्याआधी बऱ्याच ठिकाणी उणे ३० अंशांवर तीन दिवस गोठवून घेतात. कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे लावतात, ठरावीक दिवसांनी त्यांतले किडे मोजतात आणि वहीत लिहितात. पूर्वी यावर सोपा उपाय होता, कातड्याला आतून आर्सेनिक चोपडायचा. त्यामुळे जुना पेंढा भरलेला पक्षी आजही हातमोजे घालूनच उचलावा लागतो.

सापळ्यातले किडे मोजणाऱ्या माणसाचा फोटो मी एकाही अहवालात पाहिलेला नाही.

संशोधनाच्या पानांवर आकडे मोठे असतात. लंडनच्या संग्रहालयातल्या आणि त्याच्याशी जोडलेल्या शास्त्रज्ञांनी २०२३ या एका वर्षात ८१५ नव्या प्रजातींचं वर्णन केलं; त्यांत गांधीलमाश्यांच्या कुळातल्या सर्वांत जास्त. बातम्यांत 'नव्या प्रजाती सापडल्या' असं येतं तेव्हा आपल्याला वाटतं कुणी तरी जंगलात गेलं आणि समोर नवा प्राणी उभा राहिला. तसंही होतं कधी कधी. पण बरेचदा तो प्राणी कपाटातच असतो. २०१२ च्या एका अभ्यासानुसार नमुना गोळा केल्यापासून ती प्रजाती नवी म्हणून जाहीर होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. म्हणजे गोळा करणारा निवृत्त होतो आणि नमुना वाट बघत बसतो.

२०१३ मध्ये जाहीर झालेला ओलिंगिटो हा अमेरिका खंडातल्या डोंगरी जंगलात राहणारा, रॅकूनच्या कुळातला प्राणी. त्याचा माग लागला तो शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या खणांत, कातडी आणि कवट्या बघताना. त्याहून भारी म्हणजे, याच जातीची एक मादी १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत जिवंत फिरत होती. तिला ओलिंगो, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा दुसरा प्राणी, समजून ओलिंगोंबरोबर जोडी लावायचे प्रयत्न चालले होते. पिल्लं होईनात म्हणून तिला या शहरातून त्या शहरात पाठवत राहिले. चूक तिची नव्हती, पाटीची होती.

पाटी चुकली तर काय होतं याची यापेक्षाही मोठी गोष्ट रानपिंगळ्याची. या लहानशा घुबडाचं वर्णन पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. पुढे दहाबारा वर्षं तुरळक नमुने मिळाले, १८८४ नंतर काहीच नाही. अपवाद एकच: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला अशी चिठ्ठी पायाला बांधलेला एक पक्षी. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून शोधत राहिले आणि हात हलवत परत आले. या माइनर्ट्झहागेनवर लंडनच्या संग्रहालयातल्यांचा संशय जुनाच होता. एकदा तर पक्षिविभागात यायला त्याला बंदीही घातली होती. पुढे १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी त्याच्या संग्रहाची झडती घ्यायला सुरुवात केली. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याचा एक्स-रे काढला, शिवण बघितली. कातडं एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं. पण पहिल्यांदा ज्यानं ते भरलं त्याच्या हाताच्या खुणा पुऱ्या पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि तो हात जेम्स डेव्हिडसन यांचा होता. डेव्हिडसन १८८० च्या दशकात खानदेशात अधिकारी होते आणि पक्षी गोळा करायचे. म्हणजे माइनर्ट्झहागेननं संग्रहालयातलाच पक्षी चोरला, नव्यानं भरला आणि त्याला आपली चिठ्ठी बांधली.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ती ठिकाणं धरून निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला, ११३ वर्षांनी. या शोधाचं श्रेय जंगलात पायपीट करणाऱ्यांना आहेच. त्याइतकंच ते त्या खणाला, ज्यात डेव्हिडसनचे दुसरे पक्षीही शेजारी जपून ठेवलेले होते म्हणून शिवणीशी शिवण ताडून बघता आली.

आता पैसा. निधिसंकलनाची पानं वाचायला मला सर्वांत जास्त मजा येते, हे कबूल. देवमासा ज्या दालनात टांगलाय त्याचं नाव २०१४ पासून हिंट्झ हॉल आहे, कारण मायकेल हिंट्झ यांनी संग्रहालयाला ५० लाख पौंड दिले. देवमासा २५० पौंडांचा होता, महागाई धरली तरी स्वस्तच पडला. या दालनात संध्याकाळी पंगती बसतात. कंपन्या पैसे मोजून सांगाड्याखाली जेवतात. रात्री मुलं झोपण्याच्या पिशव्या घेऊन येतात, त्याचंही तिकीट असतं. मला यात वावगं वाटत नाही. लंडनमध्ये मुख्य दालनांना प्रवेश फुकट आहे, मग दिव्यांचं बिल कुठून तरी यायलाच हवं.

फील्ड म्युझियमची 'सू' ही याहून सरस गोष्ट. टायरॅनोसॉरसचा हा सांगाडा १९९० मध्ये साउथ डकोटात सापडला. मालकीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी १९९७ मध्ये तो लिलावात निघाला. फील्डनं तो ८३ लाख ६० हजार डॉलरला घेतला. पैसे देणाऱ्यांत मॅकडॉनल्ड्स आणि डिस्नी होते. बदल्यात त्यांना सांगाड्याच्या प्रतिकृती मिळाल्या. हाडं साफ करायची प्रयोगशाळा काचेमागे ठेवली, लोकांनी बघावं म्हणून, आणि तिलाही मॅकडॉनल्ड्सचं नाव दिलं. बर्गरवाल्यांच्या पैशानं डायनोसॉर, म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. पण २०२० मध्ये 'स्टॅन' नावाचा दुसरा टायरॅनोसॉरस ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला. आज त्या भावात बोली लावणं किती संग्रहालयांना परवडेल? 'सू' निदान लोकांसमोर आणि अभ्यासकांच्या हाताशी राहिली.

प्रत्येक पैसा इतका सरळ नसतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचं दालन २०१९ मध्ये एका व्यापारी संघटनेनं मेजवानीसाठी घेतलं होतं, आणि सत्कार व्हायचा होता ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांचा. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाबद्दल त्यांची मतं काय होती ते जगाला माहीत होतं. संग्रहालयातल्याच शास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि शेवटी संग्रहालयानं अंग काढून घेतलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधलं जीवाश्मांचं मोठं दालन डेव्हिड कोच यांच्या ३ कोटी ५० लाख डॉलरच्या देणगीनं झालं. त्यांचा पैसा खनिज तेलातला. आणि त्याच दालनात हवामान बदलाला माणूस जबाबदार आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मजकूर देणगीदाराच्या मर्जीवर सोडला नाही म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असं मी मानते. तुमचं मत वेगळं असू शकतं.

माझी तक्रार देणगी कुणाकडून घेतली यापेक्षा ती कशासाठी मिळते याबद्दल आहे. रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २०१८ मध्ये दोनशे वर्षांचं झालं. इमारतीच्या दुरुस्तीला पैसे नाहीत हे तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत होते. जूनमध्ये ब्राझीलच्या विकास बँकेशी २ कोटी १७ लाख रेआलचा करार झाला. त्यात आगीपासून संरक्षणाची कामंही होती. पैसे हातात पडायच्या आधीच, २ सप्टेंबरच्या रात्री, इमारत पेटली. सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रापासून आग लागली असं तपासात निघालं. अग्निशमन दल आलं तर जवळच्या नळांना पाणी नव्हतं. संग्रह २ कोटी वस्तूंचा होता आणि त्यातला फार मोठा भाग गेला. कीटकांचा संग्रह तर जवळजवळ सगळाच. पाच टनांची बेंडेगो उल्का तेवढी जागच्या जागी उभी होती. तिला आगीचं काय! त्याआधी दोनच वर्षं, २६ एप्रिल २०१६ ला, दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एका रात्रीत जळालं होतं.

आगच लागायला पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला ८ लाख २५ हजार नमुन्यांचा वनस्पतिसंग्रह बंद करून दुसरीकडे हलवणार असं जाहीर केलं. १९२१ पासूनचा संग्रह. कारण जागा आणि खर्च. हे काही गरीब विद्यापीठ नव्हे. फील्ड म्युझियमनं बांधकामांसाठी काढलेलं कर्ज अंगाशी आलं तेव्हा, २०१२ च्या अखेरीस, जी कपात जाहीर केली तिची मोठी कात्री संशोधनावर चालली. 'सू' त्याच इमारतीत दिमाखात उभी होती. तिला कात्री लावायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

आगीवर पाण्याचा फवारा सोडणाऱ्या नळ्यांच्या उद्घाटनाला फीत कापत नाहीत, आणि कापली तरी फोटो चांगला येणार नाही. देणगी गोळा करणाऱ्या माणसाचीही अडचण मी समजू शकते. समोर बसलेल्या धनिकाला तो काय सांगणार, की तुमच्या पैशातून पुढच्या तीस वर्षांत काहीही घडणार नाही? खरं म्हणजे हेच सांगायला हवं. काहीही घडू न देणं हेच तिथलं काम आहे.

यावर न्यूयॉर्कच्या संग्रहालयवाल्यांनी एक तोडगा काढलाय. ४ मे २०२३ ला त्यांची गिल्डर सेंटर ही नवी इमारत उघडली, खर्च ४६ कोटी ५० लाख डॉलर. तिथे फुलपाखरं आहेत, पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची वसाहत आहे, गुहेसारखं भव्य प्रवेशदालन आहे. आणि तीन मजले उंच असं नमुन्यांचं भांडार आहे, ४० लाखांहून जास्त नमुने मावणारं. त्याच्या भिंतींना जागोजागी काचा लावल्यात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आतली कपाटं आणि तिथे काम करणारी माणसं दिसावीत. या भांडाराला देणगीदार मिळाला आणि त्याचं नावही लागलं: लुई गर्स्टनर. कपाटांना दाता मिळाला तो कपाटं काचेमागे मांडल्यावर, म्हणजे त्यांचंही प्रदर्शन झाल्यावर. मला आधी याचं हसू आलं होतं. आता वाटतं, चालेल. पुढची मागणी मी सापळ्यातले किडे मोजणाऱ्यासाठी करणार आहे, काच लावा आणि त्यालाही एक देणगीदार बघा.